बुडत्याला काढण्याचा खर्च कोणाचा?



पावसाळ्यात कोरेगाव भीमाच्या पुलावर उभे राहून खाली पाहिले, तर गढूळ पाण्याचा जो लोंढा दिसतो त्यात लोणावळ्याच्या भुशी धरणावरून आलेले पाणीही असते. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते, देहू-आळंदीवरून वाहत येते, तुळापूरच्या संगमावर भीमेला मिळते आणि तेथून आमच्या गावाजवळून पुढे जाते. म्हणून भुशी धरणावर जे घडले ते आम्हांस दूरचे वाटले नाही.

३० जून २०२४, रविवार. पुण्याच्या हडपसर भागातील एक मुस्लिम कुटुंब धरणामागील धबधब्यावर सहलीस गेले होते. पाणी अकस्मात वाढले. प्रवाहाच्या मध्यभागी एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिली असतील. एक स्त्री आणि चार मुले त्या प्रवाहात गेली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. त्यांना शोधण्यास लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ संस्थेचे स्वयंसेवक, पोलीस आणि नौदलाच्या ‘आयएनएस शिवाजी’चे पाणबुडे पाण्यात उतरले. शोध दुसऱ्या दिवशीही चालू राहिला. उतरणाऱ्यांनी बुडालेल्यांचा धर्म विचारला नाही, आणि दोराचे भाडेही कोणाकडे मागितले नाही.

त्या आठवड्यात जुम्याच्या नमाजनंतर ओट्यावर हाच विषय निघाला. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “मौलाना, मौजेसाठी जायचे, पाटी वाचायची नाही, आणि मग साऱ्या सरकारी यंत्रणेने धावायचे. हा खर्च त्यांच्याकडूनच वसूल करायला हवा.” काहींनी माना हलविल्या. तेव्हा मागे बसलेल्या एका तरुणाने हळूच विचारले, “चाचा, पण ते दोरवाले जे उतरतात, त्यांचा खर्च आज कोण देतो?” यावर कोणीच बोलले नाही. मलाही तत्काळ उत्तर देता आले नाही.

वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, अशी ताकीद कुरआनच्या सूरह बकरामध्ये (२:१९५) आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कठडा नसलेल्या छतावर झोपणाऱ्याविषयी आणि समुद्र खवळलेला असताना नौका लोटणाऱ्याविषयी फरमावले आहे की, अशा माणसाच्या रक्षणाची हमी उरत नाही. या हदीसींचा आशय आमच्या तरुणांना धबधब्यावर जाण्यापूर्वी सांगावयास हवा, आणि तो सांगण्यात आम्ही इमाम व खतीब मंडळी कमी पडतो हेही कबूल करावयास हवे. वुजूच्या पाण्यावर आम्ही तास-तास बोलतो. पुराच्या पाण्यावर एकही खुतबा होत नाही.

परंतु ती ताकीद पाण्यात उतरणाऱ्यासाठी आहे. काठावर उभ्या असलेल्यासाठी निराळा हुकूम आहे, आणि हे दोन हुकूम एकमेकांत मिसळले की मन कठोर होऊ लागते. ज्याने एका जिवाला वाचविले त्याने जणू सकल मानवजातीला वाचविले, असे सूरह माइदामध्ये (५:३२) सांगितले आहे. तो जीव स्वतःच्या चुकीने संकटात आला की दुसऱ्याच्या, अशी अट तेथे घातलेली नाही. फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रवेत्त्यांनी, यावरून जे निष्कर्ष काढले ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतात. समोर माणूस बुडत असेल आणि त्याला काढण्याचे सामर्थ्य असेल, तर चालू असलेली फर्ज नमाज तोडणे आवश्यक ठरते. त्याला काढण्यासाठी रमजानचा रोजा सोडावा लागला, तर सोडावा आणि नंतर भरून द्यावा. सातव्या हिजरी शतकातील थोर विद्वान इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम यांनी तर स्पष्ट लिहून ठेवले आहे की, बुडणाऱ्याची सुटका नमाजच्या अदायगीच्या अगोदर येते, कारण नमाज नंतर कजा करता येते. ज्या शरीअतने बुडत्यासाठी नमाज थांबविली, ती पावती फाडण्यासाठी दोर कशी थांबवील?

विहिरीत उतरलेल्या त्या माणसाची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तहानेने व्याकूळ झालेला तो वाटसरू विहिरीत उतरून पाणी प्याला, वर आला, आणि तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा त्याला दिसला. तो पुन्हा खाली उतरला, मोजडी पाण्याने भरली, ती दातांत धरली आणि वर चढला. अल्लाहने त्याची कदर केली आणि त्याला क्षमा केली. बुखारी व मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. येथे मी आपले लक्ष एका बारकाव्याकडे वेधू इच्छितो. हात मोकळे नसताना, निसरड्या विहिरीतून, दातांत मोजडी धरून चढणे यात जिवाला धोका होता. आणि मोजडी त्याची स्वतःची होती. जो वाचवितो त्याचे श्रमही जातात आणि साहित्यही जाते. त्याचे अज्र अल्लाहपाशी आहे, हे निःसंशय. तथापि त्याच्या मोजडीची चिंता आपण कोणी करावयाची की नाही?

महाराष्ट्रातील बचावकार्याची स्थिती या मोजडीसारखीच आहे. सरकारी यंत्रणा आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आपल्याच जिल्ह्यात, मावळातील सुदुंबरे येथे आहे. अग्निशमन दल आहे, पोलीस आहेत. परंतु सह्याद्रीच्या दरीत, कड्यावर, काळोख्या रानात जो प्रथम पोहोचतो तो बहुधा तेथला स्थानिक गिर्यारोहक असतो. लोणावळा, खोपोली, महाबळेश्वर येथे अशी पथके आहेत, आणि त्यांच्यात मेळ राहावा म्हणून महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही व्यवस्था उभी राहिली आहे. कोणी दुकान बंद करून येतो, कोणी नोकरीवरची रजा टाकून. इकडे भीमाकाठी गिर्यारोहक नाहीत, पण कोणी वाहून गेले की ज्यांच्या घरी निरोप जातो ते पट्टीचे पोहणारे आणि मासेमारी करणारे लोक हेच काम करतात. प्रेत काठावर आणून ठेवल्यावर त्यांच्या हाती चहाचा पेला दिला जातो, आणि त्यांचा बुडालेला दिवस त्यांच्या हिशेबात राहतो.

अन्नदान करणारे सत्पुरुष बदल्यात ना मोबदला इच्छितात ना आभार, असे सूरह दहरमध्ये (७६:८-९) त्यांचे वर्णन आले आहे. हे स्वयंसेवक त्या वर्णनाच्या पुष्कळ जवळ जातात. मात्र ती आयत देणाऱ्याच्या मनाविषयी आहे. घेणाऱ्या समाजाने ती ढालीसारखी पुढे धरून, ‘त्यांना कुठे काही हवे असते’ असे म्हणत हात आखडता घेणे, हा त्या आयतीचा आशय खचित नव्हे. हजरत अबू बक्र (रजि.) खलीफा झाल्यावरही कापडाचे गाठोडे घेऊन बाजाराकडे निघाले होते. तेव्हा सहाबांनी त्यांना थांबविले आणि बैतुलमालमधून, म्हणजे सार्वजनिक कोषातून, त्यांच्या चरितार्थाची तजवीज केली. लोकांच्या कामात ज्याचा वेळ जातो, त्याच्या घरातील चुलीची जबाबदारी लोकांवर येते, हा धडा त्याच दिवशी घालून दिला गेला.

मग खर्च कोणाचा? याचे पहिले उत्तर हजरत उमर (रजि.) यांच्या कारकिर्दीत सापडते. इब्ने साद यांनी आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, हजरत उमर यांनी ‘दारुद्दकीक’ नावाचे कोठार उघडले. त्यात पीठ, सातू, खजूर, मनुके ठेवले जात, आणि ते वाटेत अडकलेल्या प्रवाशांसाठी व पाहुण्यांसाठी असत. एवढेच करून ते थांबले नाहीत. मक्का-मदीनेच्या वाटेवर त्यांनी अशी सोय लावली की, वाळवंटात निराधार झालेल्या माणसाला एका पाणवठ्यापासून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंत पोहोचविले जावे. आजच्या भाषेत यालाच आपण शोध व बचाव व्यवस्था म्हणू. ती शासनाने उभी केली होती. त्यांच्याच निवाड्यांत आणखी एक नोंद सापडते: एका तहानलेल्या वाटसरूला पाणवठ्यावरच्या लोकांनी पाणी नाकारले आणि तो मरण पावला, तेव्हा हजरत उमर यांनी त्या लोकांकडून त्याची दियत, म्हणजे प्राणहानीची भरपाई, घेतली. तो पुरेसे पाणी न घेता का निघाला होता, हा प्रश्न तेथे निघाल्याचे दिसत नाही.

म्हणून पहिला भार सार्वजनिक कोषावर. आमच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घ्या. दरवर्षी १ जानेवारीला नदीपलीकडे पेरणे येथील जयस्तंभास अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात. प्रशासन त्यांच्यासाठी बसगाड्या, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका उभ्या करते. गर्दीत कोणाला भोवळ आली तर तू का आलास असे त्याला कोणी विचारीत नाही, आणि विचारूही नये. तोच न्याय डोंगरवाटेवर लावताना आपली जीभ का अडखळते? मौजेसाठी गेला म्हणून? पण ज्या दोराने मौजेखोराला काढतात, तोच दोर गरिबालाही काढतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मुसळधार पावसात, अंधारात, निसरडी पायवाट चढून जे वर गेले त्यांत ही डोंगर ओळखणारी मंडळी होती. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. ती ठाकर माणसे तेथे सहलीस गेली नव्हती; ते त्यांचे घर होते.

दुसरा भार त्यांच्यावर, ज्यांना डोंगर-धबधब्यांपासून मिळकत होते. जेथे लाभ तेथे भार, असा फिकहचा एक सर्वमान्य नियम आहे. वाहनतळाची पावती, हॉटेलचे भाडे, सहलीचे शुल्क घेणाऱ्यांच्या उत्पन्नातील ठरावीक अंश त्या भागातील बचाव पथकाच्या साहित्यासाठी राखून ठेवणे न्यायाचे होईल.

आणि बेफिकीर माणसाचे काय? बंदी आदेश मोडून, पहारेकऱ्याला चुकवून जो गेला, त्याला मागाहून दंड व्हावा, आणि तो न्यायाधिकाऱ्यासमोर, त्याची ऐपत पाहून. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात निष्काळजी गिर्यारोहकाकडून खर्च वसूल करण्याचा कायदा आहे. तेथेच अनेक बचावकर्त्यांचा अशा वसुलीला विरोध असतो, कारण बिलाच्या धास्तीने माणूस मदत मागण्यास उशीर करतो आणि तोवर रात्र पडते. ब्रिटनमध्ये डोंगरातील बचाव पथके स्वयंसेवकांची आहेत आणि ती संकटग्रस्ताकडून पैसे घेत नाहीत. स्वित्झर्लंडची ‘रेगा’ ही हवाई बचाव संस्था मोठ्या प्रमाणावर सामान्य नागरिकांच्या वार्षिक वर्गणीवर चालते. या तिसऱ्या रीतीकडे आपण मुसलमानांनी विशेष पाहावे, कारण ती आपल्याला अनोळखी नाही. खलीफा हारून रशीद यांच्या पत्नी जुबैदा यांनी कूफा ते मक्का या वाळवंटी वाटेवर विहिरी व हौद बांधविले. ती वाट आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

येथे वाचक विचारतील: जकात यात देता येईल काय? सूरह तौबामध्ये (९:६०) जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, आणि त्यांत ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटेत निराधार झालेला प्रवासी, आहे. अशा माणसाला घरी पोहोचण्यापुरते जकातीतून देता येईल. मात्र दोर, स्ट्रेचर, लाइफ जॅकेट यांसाठी जकात देऊ नये. हनफी मतानुसार जकात गरजवंताच्या मालकीत जावी लागते, आणि दोर कोणा एकाच्या मालकीचा होत नाही. त्यासाठी सदका आहे, वक्फ आहे.

वक्फ म्हटले की आपल्याला जमीन आठवते. इमाम मुहम्मद (रह.) यांनी मात्र, जेथे तसा प्रघात असेल तेथे, जंगम वस्तूंचा वक्फही ग्राह्य मानला. फावडे, कुऱ्हाड, भांडी, आणि जनाजा. आपल्या मशिदींतून जनाजा ठेवलेला असतो. कोणा पुण्यवंताने तो दिलेला असतो, आणि मोहल्ल्यातील शेवटचा माणूसही त्यावरून जातो. बुडालेल्याला वाहून नेण्याचे साधन आपल्यापाशी आहे, पण जिवंत माणसाकडे फेकण्यासाठी वीस-पंचवीस मीटर दोर आणि एक तरंगते कडे नदीकाठच्या किती मशिदींत सापडेल?

त्या जुम्याला ज्यांनी प्रश्न विचारला होता, त्या वडीलधाऱ्यांना मी पुढच्या आठवड्यात हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “बेफिकिरांना दंड हवाच, हे माझे मत कायम आहे.” मी म्हणालो, ठेवा. त्यांनी विचारले, “दोर कोणता लागतो?” मलाही ते ठाऊक नव्हते. बाजारातून कोणताही दोर उचलून आणू नये, तो ओल्या ओढीला टिकतो की नाही हे जाणकारांनाच कळते, एवढे मात्र मला समजले होते. तेव्हा आम्ही असे ठरविले की, मोहर्रमच्या अगोदर गावातील पोहणाऱ्या मंडळींना बोलवावे, अग्निशमन दलातील कोणी येऊ शकेल तर त्यांनाही विनंती करावी, आणि काय हवे ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. ग्रामपंचायतीलाही कळवावे, म्हणजे वस्तू मशिदीत असली तरी गावाची राहील आणि रात्री-अपरात्री कोणाही हाकेला कुलूप उघडले जाईल. किल्ली कोणाकडे ठेवावी, यावर अजून एकमत झालेले नाही.