मकरूहचा आडोसा

महालात बडकस चौकातून गांधी गेटकडे, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजाकडे, चालत निघालेल्या माणसाला वाटेत पानठेला लागला नाही असे होत नाही. पन्नीवर सुपारी, तंबाखू आणि चुना पडतो, दोन थेंब पाणी पडते आणि ठेलेवाला ते मिश्रण तळहाताखाली घोटू लागतो. हाच विदर्भाचा खर्रा. पाच वेळा नमाज अदा करणारा, हलाल-हरामच्या बाबतीत एरवी अत्यंत सावध असणारा माणूसही ही पुडी खिशात टाकतो आणि कोणी टोकलेच तर म्हणतो, "हराम थोडाच आहे? मकरूह आहे."

या वाक्याकडे नीट पाहावयास हवे. मकरूह म्हणजे नापसंत. हनफी फिकाहमध्ये त्याचे दोन प्रकार मानले जातात. तन्जीही हा सौम्य प्रकार. तहरीमी मात्र हरामच्या लगतचा, आणि तो करणारा गुन्हेगार ठरतो. उत्तर देणारा यांपैकी कोणता प्रकार, हे सांगत नाही. वडिलांना न आवडणारी गोष्ट केवळ ते मारत नाहीत म्हणून रोज करणाऱ्या मुलाला आपण आज्ञाधारक म्हणत नाही. मग निर्मात्याच्या नापसंतीला सवलत समजण्याचे धाडस कोठून येते?

त्याचे एक कारण इतिहासात आहे. तंबाखू ही अमेरिकेतील वनस्पती. चारही इमामांच्या काळात ती मुस्लिम जगाला ठाऊकच नव्हती. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा बादशहाच्या हकीमाने हरकत घेतली. आपल्या ग्रंथांत नसलेली, आपण न पारखलेली वस्तू केवळ फिरंगी वापरतात म्हणून का घ्यावी, असा त्याचा रोख होता. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने आणि १६३३ मध्ये उस्मानी सुलतान चौथा मुराद याने तिच्यावर बंदी घातली. कैरोमध्ये तर एकाच मालिकी मसलकाचे दोन थोर आलिम समोरासमोर उभे राहिले. इब्राहीम अल-लकानी यांनी तिच्या विरोधात लिहिले, अली अल-उजहूरी यांनी ती मुबाह ठरविली. उजहूरींचे म्हणणे थोडक्यात असे की तिने अक्कल झाकोळत नाही, आणि अपाय होतो तो सर्वांना नव्हे. ज्याला होईल त्याने वर्ज्य करावी.

म्हणजे परवानगीची बाजूही अपायाच्या प्रश्नावरच उभी होती. त्या काळच्या वैद्यकाला जेवढे दिसत होते तेवढ्यावर आलिमांनी निर्णय दिला आणि त्यात त्यांचा दोष नाही. दोष आपला, की पायाखालची जमीन सरकल्यावरही आपण त्याच निर्णयाच्या छपराखाली बसून आहोत.

आज काय ठाऊक आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही, माणसात कर्करोग घडविणारा पदार्थ ठरविले. तेव्हा "मी बिनतंबाखूची खातो" ही पळवाटही उरली नाही. सुपारीतील अरेकोलीन गालाच्या आतील पेशींना अधिकाधिक तंतू विणावयास लावते आणि तिच्यातील तांबे ते तंतू एकमेकांना घट्ट जखडते. गाल हळूहळू चामड्यासारखा ताठर होतो. आधी घरचे सालन झोंबू लागते, माणूस मिरचीला दोष देतो. मग तोंडात उभी तीन बोटे मावत नाहीत, दोनही मावत नाहीत. ताठरलेला गाल पूर्ववत होत नाही, आणि काहींच्या बाबतीत तेथेच कर्करोग उगवतो. चुना चवीसाठी असतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्याच्यामुळे निकोटीन गालातून झपाट्याने रक्तात उतरते. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू चघळणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. घरातील स्त्रियांची मिसरीही त्यातच आली, जिच्याविषयी आपण बोलतच नाही.

कुरआनने स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई केली आहे (सूरह अल-बकरह: १९५). खर्रा खाणारा म्हणेल की मी मरावयास थोडाच खातो. खरे आहे. विष लगेच मारत असते तर त्याने पुडीला हातही लावला नसता. वीस वर्षांचे अंतर मध्ये आहे म्हणून हात धजावतो. परंतु कृत्य आणि परिणाम यांमधील काळ वाढल्याने कृत्याचे स्वरूप बदलते काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शरीराचाही माणसावर हक्क असल्याचे सांगितले आहे. शरीर ही अमानत आहे, आणि अमानत एका झटक्यात बुडविली काय किंवा रोज चिमूट-चिमूट बुडविली काय, हिशेब पूर्ण रकमेचाच द्यावा लागणार.

ठेलेवाल्याचा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. तोही पुष्कळदा आपलाच भाऊ असतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पन्नीवरचे घोटणे थांबलेले नाही, कारण त्यावर चूल पेटते. गुनाहच्या कामात साह्य करू नका ही आज्ञा (सूरह अल-माइदह: २) त्याला ऐकवून घरी परतणे सोपे आहे. पण तो गरीब असेल तर जकातीच्या हकदारांत त्याचेही स्थान आहे. मोहल्ल्याच्या जकातीतून त्याला फळांची गाडी घेऊन देता आली, तर तीच आयत त्याच्या कानांना वेगळी ऐकू येईल.

राहिला रमजान. "सुटत नाही" म्हणणारा माणूस या महिन्यात तेरा-चौदा तास खर्ऱ्याविना राहतो आणि इफ्तारनंतर पहिला ठेला गाठतो. निकोटीनची तलब पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक छळते, नंतर उतरत जाते. रोज संध्याकाळी पुडी उघडणारा ती कठीण वाट अर्ध्यात सोडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पावलापासून सुरू करतो. अशी तीस वेळा. पहिल्या रोजाच्या संध्याकाळीच पुडी घेतली नाही, तर चौथ्या रोजापर्यंत सर्वांत मोठा चढ मागे पडलेला असेल. शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर त्यासाठी सल्ला मिळतो. इफ्तार आणि तरावीह यांच्यामधला तास-सव्वा तास विशेष जड जातो. तेवढा वेळ त्याच्याजवळ घरातील कोणी बसावे.