दोन सुटकेस भरून चित्रं

मनाला जबर धक्का बसलेल्या माणसाला आपण हमखास सांगतो : बोलून टाक, रडून घे, मोकळं वाटेल. कलोपचाराबद्दलही पुष्कळांची हीच समजूत असते. साचलेलं सगळं कागदावर ओतलं, की झालं. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांचं काम पाहिल्यावर ही समजूत मला अपुरी वाटू लागली.

वायमारच्या बाउहाउसमध्ये योहानेस इटेन यांच्याकडे शिकलेल्या या चित्रकर्तीला नाझींनी डिसेंबर १९४२मध्ये टेरेझिनच्या छावणीत धाडलं. मोजकंच सामान नेता येणार होतं. त्यातही त्यांनी चित्रकलेचं साहित्य घेतलं. तिथल्या मुलांकडून त्या लयीचे सराव करून घेत, जुन्या चित्रकारांच्या रचना अभ्यासायला लावत. कागदाची वानवा, म्हणून कचेरीतले रद्दी फॉर्म फाडून कोलाज. मुलांच्या चित्रांत फुलं, घरं, कुरणं असे विषय पुन्हा पुन्हा येतात. छावणीचा पहारा त्या मानाने क्वचित. आणि चित्रावर स्वतःचं नाव घालायचं, हा बाईंचा आग्रह. जिथे माणसाची नोंद वाहतुकीच्या यादीतला एक क्रमांक एवढीच होती, तिथे!

याला पलायन म्हणावं का? मला नाही वाटत. पिवळ्याशेजारी कोणता निळा बसेल, हे ठरवणारं मूल तेवढ्यापुरतं कुणाच्या हुकमाखाली नसतं.

पण ‘बरं होणं’ हा शब्द इथे वापरताना जीभ अडखळते. ऑक्टोबर १९४४मध्ये फ्रीडल ऑश्विट्झमध्ये मारल्या गेल्या. त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांचंही तेच झालं. मागे राहिली दोन सुटकेस भरून, जवळपास साडेचार हजार चित्रं. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रकलेच्या त्या तासांचा ‘परिणाम’ कुठल्या प्रश्नावलीत मोजणार?

टेरेझिनच्या आधी, प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांना शिकवताना फ्रीडल यांच्या हाताखाली एडिथ क्रॅमर होत्या. त्या १९३८मध्ये अमेरिकेला निसटल्या आणि पुढे त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत, आयुष्याने झोडपलेल्या मुलांबरोबर, कलोपचाराची पायाभरणी केली. चित्र म्हणजे मनोविश्लेषणासाठी पुरावा, हे त्यांना पटत नसे. मुळात घडवण्याची क्रियाच उपचार, आणि म्हणून चित्र चित्र म्हणून जमलं पाहिजे, असं त्या मानत. आजच्या ‘रंगवा आणि ताण घालवा’ छापाच्या कार्यशाळांना ही अट जाचक वाटेल. मला मात्र तिच्यात दुखावलेल्या मुलाचा मान दिसतो : त्याची कीव न करता, निळा चुकलाय, पुन्हा बघ, असं त्याला सांगता येतं.