सगळं मजेत!

शिकागोला मित्राकडे जायचं गेली सहा वर्षं नुसतंच ठरत होतं. दर दिवाळीला फोनवर "या रे एकदा" आणि "नक्की येतो रे" एवढं झालं की दोघांचंही समाधान व्हायचं. शेवटी २०२४ च्या ऑक्टोबरात योग आला. शुक्रवारी ऑफिसमधून थोडं लवकर निघून, मुलीला आणि बायकोला गाडीत घालून आम्ही डेट्रॉईटहून पाच तासांचा रस्ता धरला. वाटेत घड्याळ एक तास मागे जातं, तेवढाच फुकटचा वेळ मिळाल्याचा आनंद!

हा मित्र म्हणजे सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला माझा रूम पार्टनर. हॉस्टेलवर आम्ही त्याला 'मास्तर' म्हणायचो, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री अर्धं हॉस्टेल त्याच्या खोलीत शिकायला बसलेलं असायचं. त्याने मात्र कधी कुणाकडे साधी नोट्सची वही मागितल्याचं मला आठवत नाही. द्यायची सवय असलेल्या माणसांचं हे एक दुखणंच असतं, हे मला फार उशिरा कळलं.

शनिवारचा कार्यक्रम मास्तरने मिनिटामिनिटाचा आखला होता. (आपण आयटीवाले सहलीचासुद्धा प्रोजेक्ट प्लॅन करतो!) सकाळी नेपरव्हिलहून लोकल ट्रेनने युनियन स्टेशन, मग नदीतली बोटीची सफर, मग पिझ्झा, मिलेनियम पार्कमधलं ते आरशासारखं चकचकीत 'बीन' आणि शेवटी आर्ट इन्स्टिट्यूट. १८९३ साली स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती ह्याच इमारतीत भरली होती. मी भारावून हे मुलींना सांगितलं. त्या दोघी दारातल्या सिंहांसोबत फोटो काढण्यात गुंग होत्या.

सगळ्यात रंगली ती बोटीची सफर. दोन्ही बाजूंना उंचच उंच इमारती आणि मधून हिरवट पाण्याची ही नदी. गाईडने तिची गोष्ट सांगितली. शिकागो नदी पूर्वी मिशिगन सरोवरात जाऊन मिळत असे. शहराची सगळी घाण नदीत, नदीचं पाणी सरोवरात आणि प्यायचं पाणीही त्याच सरोवरातून. मग इंजिनिअरांनी अठ्ठावीस मैलांचा कालवा खणून १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. आता सरोवराचं पाणी नदीत येतं आणि घाण उलट्या दिशेने जाते. आम्ही दोघे इंजिनिअर "क्या बात है!" करत होतो, तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "पण बाबा, मग ती घाण गेली कुठे?"

गेली मिसिसिपी नदीत, सेंट लुईसच्या दिशेने. तिथले लोक मिसिसिपीचं पाणी पीत होते. मिझुरी राज्य सुप्रीम कोर्टात गेलं, पण १९०६ साली ते खटला हरले. आम्ही सगळे हसलो आणि पुढच्या इमारतीचे फोटो काढू लागलो.

त्या दिवसात माझ्या काही गोष्टी लक्षात आल्या होत्या. माझा हात खिशाकडे जायच्या आत मास्तर पैसे देऊन मोकळा होत होता. तेही इतक्या घाईने, की कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं असावं. दर थोड्या वेळाने तो फोन बघायचा आणि परत ठेवायचा. आणि परतीच्या ट्रेनमध्ये त्याची मुलगी सहज बोलून गेली, "बाबा आता रोज घरीच असतो. मला शाळेत सोडतो, आणायलाही येतो."

मी मास्तरकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. एक क्षण असा होता, की "काय झालं रे?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. मी काय विचारावं? मी म्हणालो, "वर्क फ्रॉम होम का?"

"हो, तसंच," तो म्हणाला.

वाचकहो, खोटं त्याने बोलायच्या आधी मीच ते त्याच्या हातात दिलं. अश्वत्थाम्याबद्दल अर्धं सत्य सांगताच धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. आमचे रथ मुळातच जमिनीवर असल्यामुळे मला काहीच जाणवलं नाही. आम्ही घरी येऊन जेवलो आणि कॉलेजच्या त्याच त्या गोष्टींवर बारा वाजेपर्यंत हसलो.

रविवारी सकाळी मास्तर दूध आणायला गेला होता. वहिनींनी चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "भावोजी, हा तुम्हाला काही बोलला का?" नोकरी जाऊन अकरा आठवडे झाले होते. वहिनींची नोकरी चालू होती, त्यामुळे चूल अडली नव्हती. पण कुणालाही सांगायचं नाही अशी मास्तरने त्यांना शपथ घातली होती, अगदी नाशिकला त्यांच्या आईलासुद्धा. "दर शनिवारी आईशी फोनवर हसत बोलायचं. हसून हसून गाल दुखतात हो," त्या म्हणाल्या.

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की खरं बोलावं, पण अप्रिय खरं बोलू नये. परदेशात आल्यावर आपण त्यातला दुसरा भाग फारच मनावर घेतो. आईवडील म्हातारे, त्यांना ब्लडप्रेशर, सात समुद्रांपलीकडून ते करणार काय? हा युक्तिवाद खोटा नाही. तिकडचेही तेच करतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला, कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली. मी फोन केला तर बाबा म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत पाणी आलंय, काळजी करू नको." प्रत्यक्षात दोघेही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर मेणबत्ती लावून बसले होते. मला नंतर मामाकडून कळलं तेव्हा मी त्यांच्यावर केवढा तरी चिडलो होतो. "मी कुणी परका आहे का?"

म्हणजे आपल्यापासून लपवलं की तो परकेपणा आणि आपण लपवलं की ती काळजी, असा हा हिशोब. आणि ट्रेनमध्ये मी न विचारणं, ते कशात धरायचं? मी त्याला 'त्याचा मान राखला' म्हणू शकतो. पण खरं सांगायचं तर मला माझा वीकएंड बिघडवायचा नव्हता.

सगळ्यांना सगळं सांगत सुटावं असं मला वाटत नाही. काही दुःखं माणसाने एकट्याने सोसावीत, त्यातही एक सभ्यता असते. पण मास्तर ते एकटा सोसत नव्हता. त्याने नदी उलटी फिरवली होती. मित्रांकडचं, सांगलीकडचं, नाशिककडचं पाणी स्वच्छ होतं आणि सगळा गाळ त्या स्वयंपाकघरात येऊन साठत होता. आपण 'कुणाला त्रास नको' म्हणतो, त्यातल्या 'कुणाला'मध्ये घरातलं माणूस धरलेलं नसतं.

दुपारी नेव्ही पिअरच्या मोठ्या पाळण्यात बसायचं ठरलं होतं. मी म्हटलं, "मास्तर, आज कुठे नको जायला." आम्ही दोघेच नेपरव्हिलच्या छोट्या नदीकाठी चालत गेलो आणि एका बाकावर बसलो. कसं विचारावं ते मला सुचेना, म्हणून मी माझंच सांगितलं. २००९ साली माझी नोकरी गेली होती आणि मी चार महिने घरी बसलो होतो. बायको सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं.

तो गर्रकन वळला. "चार महिने? आपण दर रविवारी बोलायचो की! साल्या, मला नाही सांगितलंस?" तो खरोखर चिडला होता. मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच हसू आलं आणि मग बराच वेळ तो बोलत राहिला. मध्येच एकदा त्याने चष्मा काढून पुसला.

घरी येऊन आम्ही त्याचा रेझ्युमे उघडला. इतरांना रात्र रात्र शिकवणाऱ्या माणसाने स्वतःबद्दल इतकं वाईट लिहावं? मी निम्मी वाक्यं खोडली, त्याने त्यातली निम्मी परत घातली. माझ्या ओळखीतल्या तिघांना मेल गेले. वहिनींनी मुगाची खिचडी टाकली. त्या आत कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या, दार लोटलेलं होतं आणि हसण्याचा आवाज येत नव्हता.

निघायला आठ वाजले. परतताना तो फुकटचा तास घड्याळाने वसूल केला. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते, म्हणजे सांगलीत दुपार होत आली होती. बाबांचा मेसेज येऊन पडला होता : "शिकागो पाहून झालं का? सगळं मजेत ना?"

मी बिनचे तीन फोटो पाठवले. २००९ चं मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.