व्यसनत्यागविचार

त्याग हा शब्द उच्चारण्यास सोपा आणि आचरण्यास कठीण आहे. त्यातही ज्या जीवाला एकाहून अधिक व्यसने जडली आहेत, त्याने एकेक करून सोडावे की सर्व एकदम टाकावीत, हा प्रश्न साधकांकडून वारंवार विचारला जातो.

अटनाच्या निमित्ताने रत्नागिरीस गेलो असता मांडवीच्या जेटीवर एक गृहस्थ भेटले. बोटींची इंजिने दुरुस्त करण्यावर त्यांचा प्रपंच चालतो. दारू, विडी आणि तंबाखू या तिहींनी त्यांना घेरले होते. ते म्हणाले, "बाबाजी, दारू सोडीन म्हणतो, पण तंबाखू तेवढी राहू द्या. सगळेच सुटले तर दिवस काढू कशावर?" या बोलण्यात लबाडी नव्हती, भय होते. पूर्वी एकदा शपथ घेऊन त्यांनी तिन्ही एका दिवसात टाकली होती. दुसऱ्या रात्री अंगाला झटके आले, भिंतीवर नसलेले किडे दिसू लागले. घरच्यांनी देवतेचा कोप मानून देवऋषी गाठला. शेवटी कोणीतरी दारू पाजली, कंप थांबला आणि व्यसन पुन्हा घरात आले.

येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. त्याग किती करावा हा एक, आणि त्याग कसा करावा हा दुसरा. त्यांची निवड नीट केली पाहिजे.

पहिल्याचे उत्तर म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात सापडते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी हरिपाळदेव या नावाने वावरताना द्यूताची लीळा दाखविली. द्यूतात हरल्यावर पत्नीजवळ अलंकार मागितले, तिने ते दिले नाहीत, आणि तेथून विरक्तीचा प्रसंग उभा राहिला. पुढे रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घर सोडून ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आले. त्यांनी द्यूत टाकून दुसरा खेळ धरला नाही, हे लक्षात घ्यावे. आपण मात्र एक व्यसन सोडताना दुसऱ्याला आश्रय देतो. पेला हाती नसला तरी विडी पेल्याची आठवण करून देते. दोन्हींची सवय एकाच बैठकीत जडलेली असते.

वैद्यकाचा अनुभवही याच दिशेचा आहे. व्यसनोपचार घेणाऱ्यांवरील 19 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना उपचाराबरोबर धूम्रपान सोडण्यासही साहाय्य मिळाले, त्यांची मद्य व अन्य मादक द्रव्यांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता 25 टक्क्यांनी अधिक आढळली. मात्र धूम्रपान सोडणे तितके टिकले नाही. म्हणून त्यासाठी साहाय्य दीर्घकाळ हवे. आपल्या महाराष्ट्रात 1993 पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात 2016 साली 'मुक्तिपथ' हे कार्य सुरू झाले, तेही दारू आणि तंबाखू दोन्हींविरुद्ध एकत्र. तेव्हा संकल्प सर्वत्यागाचाच असावा.

आता दुसरा प्रश्न. संकल्प मनाचा असतो. देहाला मात्र आपला धर्म आहे. तंबाखू सोडल्यास चिडचिड होते, झोप उडते, पण त्याने प्राण जात नाही, आणि हा त्रास बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. रोज पुष्कळ दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम व तीव्र कंप होऊ शकतो, आणि त्यात प्राणही जाऊ शकतात. नित्य घेतलेल्या झोपेच्या गोळ्या एकदम थांबविणेही असेच घातक आहे. सकाळी हात कापतात आणि घोट घेतल्यावर थांबतात, ही खूण ज्याला दिसेल त्याने आधी वैद्य गाठावा. हा देवतेचा कोप नव्हे. देवऋषी येथे काही करू शकत नाही. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या ठिकाणी रुग्णाला निवासात ठेवून उपचार करतात, ते याच कारणाने.

औषध घेतले म्हणून संकल्पाला उणेपणा येतो का? येत नाही. काटा रुतलेला मनुष्य परमेश्वराचे स्मरण करतो आणि काटाही काढतो. औषध देहाला पहिले काही दिवस तारील; पुढची रिकामी सायंकाळ मात्र नामस्मरणाने आणि सत्संगानेच भरावी लागेल. ती रिकामी राहिली तर जुने सोबती तेथे येऊन बसतील.

एवढे सांगितल्यावर ते गृहस्थ बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग त्यांची पत्नी म्हणाली, "बाबाजी, उद्या यांना घेऊन मी डॉक्टरांकडे जाते. आणि माझी मशेरीही आजपासून बंद." ते काही बोलले नाहीत, खिशातली विड्यांची जुडी काढून त्यांनी तिच्या हाती दिली. ज्याच्या घरी व्यसनी मनुष्य आहे, त्याने त्याला उपदेश करण्यापूर्वी आपली डबी आधी खाली ठेवावी.