ऊन कोणाच्या खात्यावर?

उन्हाचे पैसे मिळतात ही बातमी ऐकायला आमची आजी हवी होती. तिने जवळजवळ साठ उन्हाळे गच्चीवर कुरडया, सांडगे आणि चिकवड्या वाळवल्या, त्याही एका हाताने कावळ्यांना आणि दुसऱ्या हाताने आम्हा नातवंडांना हाकलत. आजच्या भाषेत ती सौरऊर्जेचा घरगुती वापर करीत होती. त्याबद्दल सरकारने तिला कधी छदाम दिल्याचे आठवत नाही. ऊन म्हणजे देवाचे देणे, त्याचा हिशेब कसला ठेवायचा, असे ती म्हणाली असती. आणि हिशेब असतो असे कळले असते, तर तिने मागच्या साठ वर्षांची बाकी मागितली असती.

आता हिशेब सुरू झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्य घर’ योजना आणली. घराच्या छपरावर पॅनेल बसवा, पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, आणि तिथे गाडी थांबते. म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. उद्दिष्ट एक कोटी घरांचे आणि तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. त्या शेवटच्या एकवीस कोटींनी माझ्यातल्या कारकुनाला भरून आले. ‘पंचाहत्तर हजार कोटी’ असे मोघम बोलून मोकळे झाले नाहीत. वरचे एकवीसही सोडले नाहीत. याला म्हणतात लेजर.

आमचे साडू नाशिकला असतात. स्वतःचा बंगला, वर मोकळी गच्ची, मागे एक खोली कॉलेजच्या दोन मुलांना भाड्याने दिलेली. साडूंनी तीन किलोवॅट बसवले. तेव्हापासून घरातला मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो: बाहेरून किती आली आणि बाहेर किती गेली. महिन्याला वजावट होते, आणि वर्षाअखेरीस उरलेली वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते. वर्षाअखेर म्हणजे ३१ मार्च! त्या तारखेतून सूर्यही सुटला नाही, हे ऐकून आमच्या बँकेत सर्वांनाच बरे वाटले.

पूर्वी साडू भेटले की आपले ब्लडप्रेशर सांगत. आता युनिट सांगतात. “काल बारा झाली. परवा ढग होते, तरी नऊ.” वीज वापरणे त्यांनी सोडून दिले आहे, ते वीज पिकवतात.

“अहो, मी हे पृथ्वीसाठी केलंय,” ते मला म्हणाले.

“आणि अठ्ठ्याहत्तर हजार?”

“ते सरकारने पृथ्वीच्या वतीने दिलेत.”

आता इथे पहिला प्रश्न उभा राहतो. पैसे घेऊन केलेले पुण्य हे पुण्य की नोकरी? आपल्याकडे फळाची आशा न धरता कर्म करावे असे सांगितले आहे. पण हा प्रश्न मला फार वेळ छळत नाही. गेली वीस वर्षे मी लोकांची पासबुके भरतो आहे. त्यात ‘हेतू’ नावाचा रकाना अजून मला दिसलेला नाही. साडूंच्या गच्चीवर एक युनिट तयार झाले की कुठल्या तरी औष्णिक केंद्रात तेवढा कोळसा कमी जळतो. तो कोळसा ‘साडूंनी लोभाने वाचवले की प्रेमाने?’ असे विचारायला येत नाही. लाच घेऊन चांगले वागणारा माणूस फुकट वाईट वागणाऱ्यापेक्षा परवडला. इतपत व्यवहार मला कळतो.

मला छळतो तो दुसरा प्रश्न. त्याला कारण माझे शिक्षण. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचिओली नावाच्या एका ख्रिस्ती साधूने दुहेरी नोंदीची पद्धत ग्रंथात छापली, आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक बी. कॉम. एकच गोष्ट शिकतो: कुठे जमा झाले, तर कुठे तरी नावे पडलेच पाहिजे. साडूंच्या खात्यात ७८,००० जमा झाले. ठीक. मग नावे कोणाच्या पडले?

याचे उत्तर शोधायला जरा विलायतेला जायला हवे, कारण हा प्रयोग तिथे आपल्या आधी होऊन गेला आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून, जुन्या घराच्या छपरावर चार किलोवॅटपर्यंत पॅनेल बसवले, तर तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटला ४१.३ पेन्स मिळू लागले, तेही पंचवीस वर्षे. बाजारातली वीज याच्या निम्म्याहूनही स्वस्त होती. बरे, स्वतःच तयार करून स्वतःच्याच किटलीत उकळवलेल्या युनिटलाही हे पैसे. शिवाय बाहेर दिलेल्या विजेचे वेगळे. आणि ती मोजायचा मीटर नसेल, तर निम्मी बाहेर गेली असे मानून चालायचे! आम्ही काउंटरवर एक दिवस असे ‘मानून’ चाललो, तर दुसऱ्या दिवशी घरी चालत जावे लागेल.

हे पैसे सरकारच्या तिजोरीतून येत नव्हते. वीजकंपन्या ते सगळ्यांच्या बिलातून वसूल करीत. म्हणजे छपरावर पॅनेल बंगलेवाल्याच्या, आणि बिलात वाढ आठव्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या. जॉर्ज मॉनबिओ हे तिथले पर्यावरणाचे कट्टर कैवारी लेखक. पण गरिबाच्या खिशातून काढून मध्यमवर्गाला देणारी ही योजना आहे, असे म्हणून त्यांनी २०१० सालीच तिच्यावर तोफ डागली. पुढे दर उतरत गेले आणि एप्रिल २०१९ पासून नव्या घरांना दार बंद झाले. जर्मनीत तर २००० सालच्या कायद्याने वीस वर्षांचा दर बांधून दिला आणि त्याचा अधिभार ग्राहकांच्या बिलावर टाकला. त्या देशात निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. तो अधिभार जुलै २०२२ मध्ये उठला.

आपल्याकडे बिलावर भार न टाकता केंद्राच्या तिजोरीतून अनुदान येते. पण तिजोरी म्हणजे काय? साबणाची वडी घेणारा प्रत्येक जण तिच्यात काही पैसे टाकतोच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशीही टाकतात. बँकेतला माणूस म्हणून त्यांनी मला एकदा विचारले, “दादा, त्या सूर्याच्या योजनेत आमचं नाव बसंल का?”

मी अटी वाचल्या. घर स्वतःच्या मालकीचे हवे आणि त्याला पॅनेल बसण्याजोगे छप्पर हवे.

“छप्पर आहे की. पत्र्याचं.”

“तुमच्या मालकीचं?”

“घरमालकाचं.”

“मग मावशी, पॅनेल बसलं तर मालकाच्या नावावर बसणार.”

त्यांनी क्षणभर विचार केला आणि हसून म्हणाल्या, “म्हंजे ऊन मालकाचं अन् उकाडा आमचा.”

पाचिओलीने पानेच्या पाने भरून सांगितले असेल ते मावशींनी एका वाक्यात सांगितले. माझीही अवस्था फार वेगळी नाही. चार मजली इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या डोक्यावर छप्पर आहे, पण ते वरच्या बिऱ्हाडाची फरशी आहे.

इथे ‘अन्याय’ असा शिक्का मारून फाईल बंद करायचा मोह होतो. पण लेजरचे पुढचे पानही पाहायला हवे. त्या जर्मन भाडेकरूने कुरकुरत का होईना अधिभार भरला, म्हणून पॅनेलला गिऱ्हाईक मिळाले. गिऱ्हाईक मिळाले म्हणून कारखाने निघाले, विशेषतः चीनमध्ये. आणि २०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनेलच्या किमती सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या. ते पैसे गेले नसते, तर आज साडूंच्या गच्चीवर पॅनेलऐवजी पाण्याची टाकी आणि गाद्याच दिसल्या असत्या. म्हणजे बिनछपरवाल्यांच्या नावे पडलेली रक्कम हा नुसता खर्च नव्हता, ते भांडवल होते. फक्त त्या भागधारकांना डिव्हिडंड अजून पोचलेला नाही.

माझ्या अल्प बुद्धीला या सगळ्याचे तात्पर्य दिसते ते असे: छपरावर मिळणारे हे पैसे बक्षीस नव्हेत, कर्ज आहे; ज्यांना छप्पर नाही त्यांनी, त्यांना न विचारता, बिनव्याजी दिलेले. कर्ज घेणे हे पाप नाही. नाहीतर आमचा सगळा धंदाच नरकात गेला असता. पाप आहे ते कर्जाला आपली कर्तबगारी समजण्यात.

फेडीचे मार्गही आहेत. याच योजनेत सोसायट्यांना जिन्यातले दिवे, लिफ्ट, पंप यांसाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. दिल्लीच्या २०२४ साली आलेल्या सौर धोरणात तर स्वतःचे छप्पर नसलेल्याला दुसरीकडच्या पॅनेलमध्ये वाटा घेण्याची सोय ठेवली. आमच्या सोसायटीतही विषय निघाला आहे. गच्ची नक्की कोणाची यावर तीन सभा झाल्या. सूर्य कोणाचा इथवर अजून आलेलो नाही.

हे सगळे मी साडूंना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे मी जर्मनीतल्या भाडेकरूचा देणेकरी! मग हप्ता कुठे भरू? बर्लिनला?”

“इतक्या लांब कशाला? तुमच्या मागच्या खोलीतल्या पोरांचा सब-मीटर आहे ना? त्यांच्याकडून युनिटचे किती घेता?”

“पूर्वी घ्यायचो तेवढेच.”

“पूर्वी तुम्ही वीज विकत घेत होता.”

साडू काही बोलले नाहीत. त्या पोरांचा दर कमी झाला की नाही, हे मी विचारलेले नाही; नात्याला काही मर्यादा असतात. पण परवा फोन आला तेव्हा त्यांनी युनिटचा विषय काढला नाही. पुन्हा ब्लडप्रेशर सांगू लागले आहेत.