जकातीने बांधलेली वखार

हॅम्बुर्ग बंदरातल्या श्पायखरश्टाटमध्ये वखारींच्या प्रत्येक इमारतीला दोन तोंडं आहेत, एक रस्त्याकडे, एक थेट कालव्याच्या पाण्यावर. वर छपराजवळ यारीचा आकडा. खाली प्रत्येक मजल्याला एक असं दार, की उघडलं तर पुढे नुसती हवा. भरतीबरोबर आत आलेल्या पडावांतून कॉफीची, मिरीची पोती त्या दारांतून आत ओढली जात. आज त्या दारांना काचा आहेत आणि काचांमागे टेबलं, संगणक, बैठकांच्या खोल्या.

गोदामांच्या कचेऱ्या झाल्या आणि इतिहास वाचला, असं याचं कौतुक होतं. मला ते अर्धंच पटतं. पाडून टाकण्यापेक्षा हे कधीही बरं. पण वाचलं नेमकं काय, हे विचारायला हवं.

ही वसाहत उभी राहिली ती जकातीपायी. हॅम्बुर्ग जर्मनीच्या जकात-हद्दीत यायला कित्येक वर्षं तयार नव्हतं. बिस्मार्कच्या दबावाखाली 1881 मध्ये करार झाला, 1888 मध्ये शहर हद्दीत आलं, आणि बदल्यात बंदराचा एक तुकडा करमुक्त राहिला. मग शहरभर विखुरलेली जुनी गोदामं काय कामाची? जकात टाळायची तर माल त्या करमुक्त तुकड्यातच साठवायला हवा. म्हणून 1883 पासून केहरवीडर आणि वांडराम या वस्त्या पाडल्या गेल्या. एकीकडे गोदी कामगारांच्या दाटीच्या गल्ल्या, दुसरीकडे व्यापाऱ्यांचे जुने वाडे. सुमारे 20,000 माणसं उठली. ज्या विटांना आपण वारसा म्हणतो, त्या या मोकळ्या केलेल्या जागेवर रचलेल्या आहेत.

इथली खरी असामी म्हणजे क्वार्टियर्समान. बहुधा चौघांची टोळी, ज्येष्ठाच्या नावापुढे 'आणि मंडळी' अशा अर्थाची पाटी. व्यापाऱ्याचा माल ताब्यात घ्यायचा, तोलायचा, निवडायचा. पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे आणि हातावर घेऊन हुंगायचे. माल ओलावला आहे का, बुरशी धरते आहे का, हे नाक सांगे. हमाल आणि पारखी एकाच अंगात! आपल्याकडच्या माथाडी टोळीत मेहनत तीच असते, पण मालाची पारख व्यापारी आपल्या हाती ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत निम्मी वसाहत गेली, ती पुन्हा बांधली. खरा घाव कंटेनरचा. 1968 मध्ये पहिलं कंटेनर-जहाज हॅम्बुर्गला लागलं. पेटी जहाजावरून उतरून सरळ ट्रकवर चढू लागल्यावर पोतं मजल्यावर चढवायचं कशाला? 1991 मध्ये इमारतींना संरक्षण मिळालं, 2003 मध्ये करमुक्त हद्द इथून उठली, 2015 मध्ये युनेस्कोची मोहोर लागली. वखारीचं कारण संपत गेलं तसतसा तिचा मान वाढला.

युनेस्कोने यादीत घेतलं ते शेजारच्या कोंटोरहाउस भागासकट. तिथे व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या: हिशेब तिकडे, माल इकडे, मध्ये पाणी. आता पेढीच पाणी ओलांडून वखारीत येऊन बसली आहे. आपल्या भाषेतल्या ‘वखार’ या शब्दाला यात नवल वाटू नये. सुरतेच्या, राजापूरच्या वखारींत माल, कारकून आणि चोपड्या एकाच आवारात असत. फरक एवढाच, की तिथल्या कारकुनाला खालच्या मालाचा वास येई. हॅम्बुर्गच्या टेबलांखाली आता माल नाही. गालिच्यांचे काही व्यापारी तेवढे टिकून आहेत.

आणि कचेऱ्याच का, घरं का नाहीत? वसाहत पूरसंरक्षक बांधाच्या बाहेर आहे. वादळी भरतीत कालव्यांचं पाणी रस्त्यावर येतं, त्यामुळे तिथे राहण्यावर बंधनं आली. ज्या जमिनीवरून 20,000 माणसं उठवली, तिथे दिवसा काम चालतं, संध्याकाळी खिडक्या विझतात. रात्री झोपायला उरतात ते मुख्यतः हॉटेलातले पाहुणे.