टक्क्यांचा उंबरठा

भारतात दिव्यांग व्यक्तीला सरकारी मदत मिळते ती टक्क्यांच्या हिशेबाने. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या 2016 च्या कायद्याने ते एकवीस केले, पण बहुतेक लाभांसाठी चाळीस टक्क्यांची अट तशीच राहिली. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला तर ऐंशी टक्के लागतात आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचे असावे लागते. त्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये आहे; 2012 मध्ये ठरलेला हा आकडा पुढे वर्षानुवर्षे हललेला नाही.

2024 साली पुण्यात नेमणुकीवर असलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून वादळ उठले आणि 31 जुलैला केंद्रीय लोकसेवा आयोगाने ती उमेदवारी रद्द केली. त्यानंतर वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून मागणी पुढे आली: सगळ्या दिव्यांगांची फेरतपासणी करा. ही मागणी अन्यायकारक आहे. सनदी सेवेतली जागा आणि मध्य प्रदेशातल्या गावातले सहाशे रुपयांचे पेन्शन यांना एकच संशय लावता येत नाही. पहिल्या ठिकाणी खोटेपणाला मोठे बक्षीस आहे. दुसऱ्या ठिकाणी तपासणीचा खर्चच मदतीपेक्षा जड होतो आणि तो भरतो खरा दिव्यांग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियम बदलले. प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली. वाट पाहण्याचा काळ तिप्पट झाला, त्यावर मात्र फारशी चर्चा झाली नाही.

हा भार कोणावर पडतो ते मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक तहसिलींत स्पष्ट दिसते. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा होईपर्यंत दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. पांढुर्ण्याहून जिल्ह्याचे ठिकाण तेव्हा शंभर किलोमीटरच्या आसपास होते, आणि नेत्रतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ बसवून टक्के ठरवणारे मंडळ तिथल्या रुग्णालयात होते. अर्जाला राज्याचा समग्र आयडी हा ओळखक्रमांक लागतो, त्याची ई-केवायसी लागते, बीपीएलचा म्हणजे दारिद्र्यरेषेखाली असल्याचा पुरावा लागतो, मग यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळख-कार्ड. वरूड किंवा नरखेडहून लग्न होऊन आलेल्या दिव्यांग सुनेला महाराष्ट्रातले अनुदान सोडून हे सगळे पहिल्यापासून उभे करावे लागते. कार्ड देशभर चालते, पेन्शन मात्र राज्याच्या सीमेवर थांबते.

टक्के ठरतात कसे, हेही पाहिले पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार ही दगडफेकीची जत्रा होते. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काहींचा डोळाही गेला आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर मार्गदर्शक तत्त्वांनुसार अपंगत्व तीस टक्के. ज्याला चाळीस लागतात असे काहीही त्याला मिळत नाही, मग तो संत्र्याच्या झाडावर चढून तोडणी करणारा मजूर का असेना. मध्यम स्वरूपाच्या बौद्धिक अपंगत्वाला पंचाहत्तर टक्के मिळतात. असा माणूस आयुष्यभर एकटा राहू शकत नाही, तरी केंद्राच्या पेन्शनला तो पाच टक्क्यांनी मुकतो. सिकलसेलचा आजार एकवीस प्रकारांत आहे, पण नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात त्याला जागा नाही. टक्के शरीर मोजतात. त्या शरीराने करायचे काम आणि त्याला लागणारी सोबत ते मोजत नाहीत.

या सोबतीचा हिशेब सर्वांत नेमका मांडला तो अमर्त्य सेन यांनी. ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (2009) मध्ये त्यांनी दोन तोटे वेगळे केले. एक सर्वांना ठाऊक आहे: अपंगत्वामुळे कमाई घटते. दुसरा असा, की मिळालेल्या पैशातूनही इतरांइतके जगणे उभे राहत नाही, कारण त्याच कामाला दिव्यांग माणसाचा जास्त पैसा जातो. अर्थतज्ज्ञ विब्के कुक्लिस यांनी ब्रिटनच्या आकडेवारीवर हे तपासले. तिथे 17.9 टक्के लोक दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत राहत होते. दिव्यांग सदस्य असलेल्या कुटुंबांपुरते पाहिले तर प्रमाण 23.1 टक्के होते, आणि दुसरा तोटा हिशेबात धरताच ते 47.4 टक्क्यांवर गेले. म्हणजे गरिबीचा मोठा भाग उत्पन्नाच्या दाखल्यावर दिसतच नाही. ज्या तहसिलीत तपासणीसाठी अर्जदार आणि सोबती अशा दोघांची मजुरी बुडते आणि दोघांचे भाडे लागते, तिथे बीपीएलची रेषा दिव्यांग आणि इतर कुटुंबांना एकच ठेवणे हे मोजमापच खोटे आहे.

2016 च्या कायद्याला हे उमजले होते. दिव्यांगांसाठीची मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त असावी, असे कलम 24 सांगते. मध्य प्रदेशात वृद्धांचे पेन्शन 600 रुपये आणि दिव्यांगांचेही 600 रुपये, असे वर्षानुवर्षे चालत आले. पलीकडे महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून 1500 रुपये मिळत होते; 2025 मध्ये दिव्यांगांसाठी ते 2500 करण्याचा निर्णय झाला. त्याच्या आधी, जून 2025 मध्ये, दिव्यांग चळवळीतले नेते बच्चू कडू अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला महिना सहा हजारांच्या मागणीसह उपोषणाला बसले होते. ती मागणी न्याय्यच आहे.

पण रक्कम वाढवून प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. सेन स्वतः पैशाला अंतिम उत्तर मानत नाहीत, मात्र त्यांचा मुद्दा पुढे करणारे तिथेच थांबतात. वाचा-उपचार करणारी व्यक्ती तालुक्यात नसेल तर सहा हजारांनीही ती मिळत नाही. बुद्धिमापनाची परीक्षा मुलाच्या भाषेत झाली नाही तर टक्केच चुकतात. व्ही. व्ही. कामत यांनी 1934 साली बिने चाचणी मराठी आणि कन्नडमध्ये बसवली होती, तरी घरात मराठी किंवा गोंडी बोलणारे मूल इथे हिंदी प्रश्नांपुढे बसते.

सेवेची ही पोकळी जामसावळीला सर्वांत ठळक होते. सौंसरजवळच्या या हनुमान मंदिरात मनोरुग्णांना घेऊन कुटुंबे येतात, काही दीर्घकाळ राहतात. त्यांना अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे म्हणजे त्यांच्यापुढे दुसरे कोणते दार होते हे न विचारणे. मानसिक आजार कायद्यातल्या एकवीस प्रकारांपैकी एक आहे. तिथे राहणाऱ्या अनेकांचा कार्डावर हक्क बसू शकतो. 24 ऑगस्ट 2023 रोजी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जामसावळीलाच हनुमान लोक या मंदिर-परिसर प्रकल्पाचे भूमिपूजन केले आणि पांढुर्णा जिल्ह्याची घोषणाही केली. त्या आवारात मनोविकारतज्ज्ञाची खोली आणि कार्डाच्या अर्जाची खिडकी बसणे अशक्य नाही. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून दवा आणि दुआ शेजारी-शेजारी चालल्या आहेत. तिथल्या मुजावरांनाच रुग्ण पुढे पाठवायला शिकवले गेले.

मध्य प्रदेशाने 2010 मध्ये देशात सर्वप्रथम लोकसेवा हमी कायदा केला. मुदतीत काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात दंड आहे. दिव्यांग प्रमाणपत्राच्या प्रत्येक टप्प्याला तो कडकपणे लागू झाला आणि मंडळ ठरलेल्या दिवशी सौंसर आणि पांढुर्ण्यात येऊन बसले, तर प्रवासाचा भार अर्जदारावरून सरकारकडे जाईल. नव्या जिल्ह्याला आणखी एक काम टाळता येणार नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांचे पालक नेमते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील गेल्यावर अशा प्रौढाचे पेन्शन बँकेतून कोणी काढायचे, हे याच समितीच्या आदेशावर ठरते.